मास्टर्सचा थिसिस लिहिताय? आधी फाइल नीट बांधून घ्या

माझ्या थिसिसची अनुक्रमणिका मी हाताने टाइप केली होती. प्रकरणाचं नाव, मग टिंब टिंब टिंब करत ओळीच्या शेवटापर्यंत, आणि मग पान नंबर. दिसायला अगदी व्यवस्थित. सबमिशनच्या दोन दिवस आधी गाईडनी दुसऱ्या प्रकरणात दीड पान वाढवायला सांगितलं, त्यात एक आकृती पण होती, आणि तिथून पुढचे सगळे पान नंबर चुकले, सगळ्या आकृत्यांचे नंबर एकाने सरकले, आणि "आकृती ७ मध्ये दाखवल्याप्रमाणे" असं जिथे जिथे लिहिलं होतं ते शोधत मी रात्रभर बसले. शेवटचे दोन दिवस खरं तर निष्कर्ष परत एकदा शांतपणे वाचण्यात जायला हवे होते, ते नंबर जुळवण्यात गेले, ह्याचं मला अजूनही वाईट वाटतं. म्हणून जे आत्ता सुरुवात करतायत त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय. फॉरमॅटिंग हे शेवटी उरकायचं काम समजू नका, पहिलं वाक्य लिहायच्या आधी अर्धा दिवस द्या आणि फाइल बांधून घ्या, मग पुढचे कित्येक महिने ती फाइलच तुम्हाला सांभाळते.

पायरी १: नियमावली मिळवा आणि पेन घेऊन वाचा

प्रत्येक विद्यापीठाचे, कधी कधी प्रत्येक विभागाचे थिसिसचे नियम वेगळे असतात. मी खाली जे काही सांगितलंय ते आणि तुमची नियमावली ह्यात फरक दिसला तर डोळे झाकून नियमावलीचं ऐका. ती पीडीएफ फक्त वरवर चाळू नका, प्रिंट काढा आणि ह्या गोष्टींवर खुणा करा: कागदाचा आकार, चारी बाजूंचे मार्जिन, फॉन्ट आणि साइज, ओळींमधलं अंतर, पान नंबर कुठे टाकायचा, सुरुवातीच्या पानांचा क्रम, रेफरन्सची स्टाइल, शब्दमर्यादा, आणि शब्दमर्यादेत तळटीपा आणि परिशिष्टं धरतात की नाही. हा शेवटचा मुद्दा बरेच जण विचारतच नाहीत आणि नंतर तीन हजार शब्द कापायची वेळ येते.

शिवाय आपल्याच विभागातले गेल्या एक-दोन वर्षांतले दोन-तीन थिसिस लायब्ररीत बसून बघा. नियमावलीत जे लिहिलेलं नसतं ते तिथे दिसतं. पण जुना थिसिस हा नियम नव्हे, त्यातही चुका असू शकतात, तेव्हा शंका आली की ऑफिसला किंवा गाईडना ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं.

पायरी २: पान सेट करा

साधारणपणे जे चालतं ते असं: ए४ कागद म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, डावीकडचा मार्जिन दीड इंच कारण बाइंडिंगमध्ये तेवढी जागा आत जाते, बाकी तीन बाजूंना एक इंच. मजकूर १२ पॉइंट, ओळींमधलं अंतर दीड किंवा डबल. मोठी उद्धरणं, तळटीपा, टेबलच्या आतला मजकूर ह्यांना बहुतेक ठिकाणी सिंगल स्पेसिंग चालतं. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापणार असाल तर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये (इथून पुढचं सगळं वर्ड धरूनच सांगतेय) मार्जिनला "मिरर मार्जिन्स" निवडा, नाहीतर डाव्या पानांवर बाइंडिंगची बाजू उलटी येईल.

मराठीत किंवा कुठल्याही देवनागरी भाषेत लिहिणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि साइज वेगळा सेट होतो. फॉन्टच्या डायलॉगमध्ये "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" म्हणून वेगळा भाग असतो, तिथे बदल केला नाही तर तुम्ही वरती कितीही वेळा १२ करा, देवनागरी अक्षरं आपल्याच साइजमध्ये राहतात आणि माणूस वैतागतो. आणि टायपिंग पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधून कॉपी केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गिचमिड दिसतो आणि त्यात सर्चही नीट होत नाही.

पायरी ३: स्टाइल्स, हा भाग सोडू नका

सगळ्या लेखातली हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे म्हणून थोडं सावकाश सांगते.

आपण काय करतो, हेडिंग लिहिलं की ते सिलेक्ट करून बोल्ड करतो, साइज १६ करतो, मध्ये आणतो. आपल्याला ते हेडिंग दिसतं, पण वर्डला ते दिसत नाही, त्याच्या लेखी तो फक्त जरा जाड अक्षरातला परिच्छेद असतो. त्यामुळे तो अनुक्रमणिका बनवू शकत नाही, नंबर देऊ शकत नाही, काहीच नाही. त्याऐवजी होम टॅबमध्ये जो स्टाइल्सचा डबा आहे तिथून प्रकरणाच्या नावाला "हेडिंग १", त्यातल्या मोठ्या मुद्द्याला "हेडिंग २" आणि उपमुद्द्याला "हेडिंग ३" द्या. कीबोर्डवरून द्यायचं तर कंट्रोल, ऑल्ट आणि १ किंवा २ किंवा ३. ती स्टाइल दिसायला आवडली नाही तर तिच्यावर राइट क्लिक करून "मॉडिफाय" करा, एकदा बदललं की अख्ख्या थिसिसभर बदलतं. साध्या मजकुराची "नॉर्मल" स्टाइल पण अशीच एकदा सेट करून घ्या.

मग व्ह्यू टॅबमध्ये जाऊन "नॅव्हिगेशन पेन" वर टिक करा. डाव्या बाजूला तुमच्या थिसिसचा अख्खा सांगाडा उभा राहतो. तिथलं हेडिंग माऊसने धरून वर-खाली ओढलं की त्याच्याखालचा सगळा मजकूर, टेबलं, आकृत्या त्याच्यासकट सरकतात. मला हे कळलं तेव्हा वाटलं की अरे, मी इतके महिने कट पेस्ट करत काय बसले होते.

प्रकरणांना १, त्याखाली १.१, त्याखाली १.१.१ असे नंबर हवे असतील तर तेही हाताने टाइप करायचे नाहीत. "मल्टिलेव्हल लिस्ट" मध्ये असा एक पर्याय असतो की ज्यात नंबरांच्या बाजूला हेडिंग १, हेडिंग २ असं लिहिलेलं दिसतं, तो घ्या. तीन लेव्हलच्या खाली शक्यतो जाऊ नका. ३.२.४.१.२ असा नंबर दिसला की वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा असतो की त्या प्रकरणाची दोन प्रकरणं व्हायला हवी होती.

एक छोटी गोष्ट. नवीन प्रकरण नवीन पानावर न्यायला एंटर एंटर एंटर दाबत जाऊ नका, वर एक ओळ वाढली की सगळं खाली घसरतं. हेडिंग १ च्या स्टाइलमध्येच परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये "पेज ब्रेक बिफोर" वर टिक करून ठेवा. आणि कंट्रोल, शिफ्ट, ८ दाबून लपलेल्या खुणा चालू ठेवायची सवय लावा, कुठे रिकामे एंटर पडलेत, कुठे ब्रेक आहे ते सगळं दिसतं.

पायरी ४: सुरुवातीची पानं

मुखपृष्ठ, घोषणापत्र, जिथे लागतं तिथे गाईडचं प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, गोषवारा, अनुक्रमणिका, टेबलांची यादी, आकृत्यांची यादी, संक्षेपांची यादी. साधारण हा क्रम असतो, थोडा इकडेतिकडे. ह्या पानांना रोमन नंबर असतात म्हणजे छोटे आय, डबल आय, ट्रिपल आय असे. मुखपृष्ठ मोजण्यात धरतात पण त्यावर नंबर छापत नाहीत. पहिलं प्रकरण सुरू झालं की तिथून १, २, ३.

आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते, एकाच फाइलमध्ये दोन प्रकारचे नंबर कसे आणायचे. करायचं असं. पहिल्या प्रकरणाच्या अगदी आधी कर्सर ठेवा, लेआउट टॅब, ब्रेक्स, आणि तिथे "सेक्शन ब्रेक्स" खाली "नेक्स्ट पेज". वरचा साधा पेज ब्रेक घेतलात तर काही उपयोग नाही, दोन्ही दिसायला सारखे पण काम वेगळं. आता पहिल्या प्रकरणाच्या पानावर तळाशी फूटरवर डबल क्लिक करा. उजव्या कोपऱ्यात "सेम ॲज प्रीव्हियस" अशी पट्टी दिसेल, म्हणजे हा फूटर मागच्या सेक्शनला बांधलेला आहे. वरती "लिंक टू प्रीव्हियस" बटण दाबलेलं असेल ते बंद करा आणि ती पट्टी गेली का ते डोळ्यांनी बघा. ती गेल्याशिवाय नंबराला हात लावू नका, कारण इथे केलेला बदल मागे पण जाऊन बसतो. मग पेज नंबर, "फॉरमॅट पेज नंबर्स", तिथे १, २, ३ निवडा आणि "स्टार्ट ॲट" मध्ये १. मग मागच्या सेक्शनमध्ये जाऊन तसंच रोमन निवडा. मुखपृष्ठावरचा नंबर घालवायला त्या सेक्शनमध्ये "डिफरंट फर्स्ट पेज" वर टिक. हेडरमध्ये पण काही लिहिलं असेल तर हेडरची लिंक वेगळी तोडावी लागते, फूटरची तोडली म्हणजे हेडरची तुटत नाही.

मोठं टेबल आडव्या पानावर हवं असेल तर त्या पानाच्या आधी आणि नंतर असे दोन सेक्शन ब्रेक टाकायचे आणि फक्त मधल्या सेक्शनला "लँडस्केप" करायचं. नंतर पुढच्या सेक्शनचे पान नंबर परत १ पासून सुरू तर झाले नाहीत ना ते बघा, तिथे "कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन" असायला हवं.

गोषवाऱ्याबद्दल थोडं. तो शेवटी लिहायचा, पण त्याच्यासाठी पान आत्ताच ठेवायचं. १५० ते ३०० शब्द बऱ्याच ठिकाणी मागतात. त्यात प्रश्न काय होता, तो का महत्त्वाचा, कसं शोधलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय, एवढं आलं पाहिजे. "ह्या प्रबंधात अमुक विषयावर चर्चा केलेली आहे" असं लिहून सोडून देतात ते बघून मला खरंच हळहळ वाटते, कारण तुम्ही वर्षभर राबून जे शोधलंत ते पहिल्याच पानावर सांगायची संधी होती. काय सापडलं ते सरळ सांगा. गोषवाऱ्यात रेफरन्स देत नाहीत, आणि संक्षेप वापरलाच तर पूर्ण रूप लिहा.

ऋणनिर्देश मनापासून लिहा, एका पानात संपवा. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांचे आभार मानताना मात्र नावं टाकू नका, त्यांना गुप्ततेचा शब्द दिलेला असतो.

पायरी ५: मुख्य प्रकरणं, आणि त्यातून जाणारा एक धागा

प्रस्तावना, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, निष्पत्ती, चर्चा, निष्कर्ष. प्रयोग किंवा सर्व्हे असलेल्या विषयात बहुतेक हीच चौकट चालते. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयात मधली प्रकरणं विषयानुसार पडतात, तिथे "निष्पत्ती" नावाचं प्रकरण ओढूनताणून आणायची गरज नाही. पण कुठलीही चौकट असो, प्रस्तावनेत जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर शेवटी मिळालं पाहिजे आणि मधलं प्रत्येक प्रकरण त्या उत्तराकडे जाताना दिसलं पाहिजे.

उदाहरण घेऊ. समजा विषय आहे, लेक्चर ऐकताना हाताने नोट्स काढणारे विद्यार्थी आणि लॅपटॉपवर काढणारे विद्यार्थी. दोन प्रश्न आहेत. पहिला, एका आठवड्यानंतर कोणाला जास्त आठवतं. दुसरा, आपण ती पद्धत का निवडली ह्याबद्दल विद्यार्थी स्वतः काय सांगतात. आता एक कोरा कागद घ्या, आडवा धरा, चार रकाने पाडा: प्रश्न, तो कसा शोधला, निष्पत्ती कुठे, उत्तर कुठे. पहिल्या ओळीत, प्रश्न १, चाचणी घेतली ते ३.३ मध्ये, निकाल ४.१ मध्ये, उत्तर ६.१ मध्ये. दुसऱ्या ओळीत, प्रश्न २, मुलाखती ३.४ मध्ये, निकाल ४.२, उत्तर ६.२. एखादा चौकोन रिकामा राहिला तर तिथे तुमच्या थिसिसला भोक आहे. आणि उलटं, एखादा मुद्दा ह्या कागदावर कुठेच बसत नसेल, समजा तुम्ही विद्यार्थी किती वाजता झोपतात हे पण विचारून ठेवलं होतं, तर तो मुद्दा परिशिष्टात न्या किंवा काढून टाका, कितीही कष्टाने गोळा केलेला असला तरी. हा कागद टेबलासमोर भिंतीला चिकटवून ठेवा. गाईडशी बोलताना पण हाच न्या, वीस पानं वाचण्यापेक्षा हा एक कागद बघून ते पटकन सांगतील कुठे गडबड आहे.

क्रम पण तोच ठेवा. प्रस्तावनेत आधी आठवण आणि मग कारणं असेल तर पद्धतीत, निष्पत्तीत, निष्कर्षात सगळीकडे आधी आठवण आणि मग कारणं. आणि शब्दही तेच. पहिल्या प्रकरणात "हस्तलिखित गट", तिसऱ्यात "कागद-पेन गट", पाचव्यात "पारंपरिक गट" असं केलं तर वाचणाऱ्याला वाटतं हे तीन गट आहेत. शाळेत आपल्याला शिकवतात की तोच शब्द परत परत वापरू नये, थिसिसमध्ये ते विसरा.

आढाव्याबद्दल एकच सांगते, एका परिच्छेदात एक लेखक, पुढच्यात दुसरा लेखक अशी यादी लिहू नका. मुद्द्याप्रमाणे लिहा. कोण काय म्हणतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, आणि कुठली जागा रिकामी आहे जिथे तुमचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक हेडिंग लेखकाच्या नावाचं असेल तर समजा की यादी झालीये.

पद्धतीच्या प्रकरणात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे काळ. सिनॉप्सिसमधून, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या आराखड्यातून, मजकूर उचललेला असतो आणि तिथे "मुलाखती घेतल्या जातील" असं असतं, ते तसंच राहतं. आता त्या घेऊन झाल्यात, तेव्हा "घेतल्या". "जाईल" आणि "जातील" हे दोन शब्द सर्च करून एकेक बघा.

निष्पत्ती आणि चर्चा ह्यात सगळेच गोंधळतात, मीही गोंधळले होते. "हाताने लिहिणाऱ्या गटाची सरासरी जास्त आली" हे निष्पत्तीत. "हाताने लिहिताना वेग कमी असल्यामुळे विद्यार्थी ऐकलेलं आपल्या शब्दांत आणत असावेत" हे चर्चेत, कारण हे तुमचं म्हणणं झालं आणि ते आढाव्यातल्या लोकांशी जोडून दाखवावं लागतं. "असावं", "कदाचित", "ह्याचं कारण" असे शब्द निष्पत्तीच्या प्रकरणात दिसले की तो परिच्छेद उचलून पुढे न्या. तुमचा विभाग दोन्ही एकत्र लिहू देत असेल तरी परिच्छेदाच्या आत हा फरक ठेवा.

निष्कर्षात नवीन माहिती आणायची नाही. मर्यादा मोकळेपणाने लिहा, नमुना लहान होता तर लहान होता म्हणून सांगा, त्याने मार्क जात नाहीत, लपवल्याने जातात.

पायरी ६: टेबलं, आकृत्या आणि त्यांचे नंबर

टेबलचं नाव टेबलच्या वर, आकृतीचं नाव आकृतीच्या खाली, बहुतेक ठिकाणी हीच पद्धत. नाव द्यायला रेफरन्सेस टॅबमधलं "इन्सर्ट कॅप्शन" वापरा. मराठीत "आकृती" किंवा "तक्ता" हवं असेल तर "न्यू लेबल" करून तो शब्द एकदा टाकून ठेवा. मजकुरात उल्लेख करताना "आकृती ७" असं बोटाने टाइप न करता "क्रॉस-रेफरन्स" मधून टाका. मग मध्ये कुठेही नवी आकृती घुसवली तरी कंट्रोल ए दाबून एफ९ दाबलं की सगळे नंबर आपोआप सुधारतात. ही एवढीशी गोष्ट मला माहीत असती तर ती रात्र वाचली असती.

फक्त एक काळजी, एखादी आकृती डिलीट केली आणि तिचा उल्लेख राहिला तर एफ९ नंतर तिथे "एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड" असं येतं. प्रिंटच्या आधी फाइलमध्ये "एरर" हा इंग्रजी शब्द सर्च कराच.

चित्र टाकलं की ते भलतीकडे पळतं ह्याचं कारण त्याची "रॅप" सेटिंग. "इन लाइन विथ टेक्स्ट" ठेवा, ते परिच्छेदासारखं जागेवर बसतं. दोन पानांवर पसरणाऱ्या टेबलला "रिपीट हेडर रोज" लावा म्हणजे दुसऱ्या पानावरही रकान्यांची नावं दिसतात. टेबलच्या नावाला "कीप विथ नेक्स्ट" द्या नाहीतर नाव एका पानाच्या तळाशी आणि टेबल पुढच्या पानावर. चित्रं ३०० डीपीआयची असतील तर छपाईत स्वच्छ येतात, स्क्रीनशॉट काढून मोठे केलेले फुटतात. आणि प्रत्येक टेबल, प्रत्येक आकृतीचा मजकुरात उल्लेख हवा. जिचा उल्लेखच नाही ती तिथे का आहे असा प्रश्न व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला येतो.

पायरी ७: अनुक्रमणिका

स्टाइल्स नीट दिल्या असतील तर हे दोन मिनिटांचं काम. रेफरन्सेस, टेबल ऑफ कंटेंट्स, झालं. बदल झाला की तिच्यावर राइट क्लिक, "अपडेट फील्ड", "अपडेट एंटायर टेबल". मध्येच रिकामी ओळ आणि समोर नुसता पान नंबर दिसला तर समजा कुठल्यातरी रिकाम्या एंटरला हेडिंग स्टाइल लागलीये. टेबलांची आणि आकृत्यांची यादी "इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स" मधून. कॅप्शनमध्ये चार ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं असेल तर ते सगळं त्या यादीत येतं, म्हणून कॅप्शन छोटं ठेवा आणि स्पष्टीकरण खाली वेगळ्या परिच्छेदात टीप म्हणून द्या.

पायरी ८: रेफरन्स

पहिल्या दिवसापासून झोटेरो किंवा मेंडेली वापरा, ही रेफरन्स साठवून मजकुरात आणि यादीत टाकून देणारी सॉफ्टवेअर आहेत. झोटेरो फुकट आहे, वर्डमध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि गुगल डॉक्समध्ये चालतं. कुठली स्टाइल हवी ते नियमावलीत बघा आणि आवृत्ती पण बघा. उदाहरणार्थ एपीए ही रेफरन्सची एक स्टाइल, तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, सहाव्या आवृत्तीत पुस्तकाच्या प्रकाशकाचं शहर द्यावं लागायचं, सातव्यात ते काढून टाकलं, आणि तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच वेळेपासून पहिलं आडनाव आणि "इतर" एवढंच. जुना थिसिस बघून रेफरन्स केलेत तर नेमके हेच चुकतं. आयट्रिपलई (IEEE) ह्या इंजिनिअरिंगमध्ये चालणाऱ्या स्टाइलमध्ये मजकुरात चौकोनी कंसात नंबर असतो आणि शेवटची यादी अकारविल्हे नसून उल्लेखाच्या क्रमाने असते.

सॉफ्टवेअरवर पूर्ण विश्वास मात्र ठेवू नका. वेबवरून उचललेल्या नोंदीत लेखकाचं नाव सगळं कॅपिटल अक्षरांत, वर्ष गायब, आडनाव आणि नाव उलटसुलट असं बरंच असतं. नोंद आत आली की तिथल्या तिथे तपासा. शेवटी दोन्ही बाजूंनी पडताळा घ्या, मजकुरातला प्रत्येक उल्लेख यादीत आहे का, आणि यादीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठेतरी आहे का.

पायरी ९: परिशिष्टं

प्रश्नावली, मुलाखतीचे प्रश्न, संमतीपत्राचा नमुना, मोठी टेबलं. प्रत्येकाला अ, ब, क आणि स्वतःचं नाव, आणि मजकुरात "पाहा परिशिष्ट ब" असा उल्लेख. सह्या केलेली संमतीपत्रं जोडू नका, कोरा नमुना जोडा. मुलाखतीतली नावं, फोन नंबर, ज्याच्यावरून माणूस ओळखू येईल असा तपशील काढून टाका, थिसिस ऑनलाइन ठेवला गेला की तो कोणीही वाचू शकतो.

लाटेक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात

गणित, फिजिक्स, कॉम्प्युटरवाले बहुतेक लाटेकमध्ये (LaTeX) लिहितात, म्हणजे मजकुरासोबत कमांड टाइप करून पान मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे बुक क्लासमध्ये फ्रंटमॅटर, मेनमॅटर, बॅकमॅटर अशा तीन कमांड आहेत, पहिलीने रोमन नंबर येतात, दुसरीने १ पासून सुरू होतात, सेक्शन ब्रेकची कटकट नाही. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवून मुख्य फाइलमध्ये इनक्लूड करा. देवनागरी हवं असेल तर झीलाटेक किंवा लुआलाटेक हे लाटेकचे प्रकार लागतात. पण सबमिशनला दोन महिने राहिले असतील आणि लाटेक कधी उघडलेलं नसेल तर आत्ता सुरू करू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

फाइल सांभाळणे

नावात तारीख टाका, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" असली नावं नकोत, त्यातली कुठली गाईडना पाठवली ते आठवत नाही. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर म्हणजे क्लाउडवर. गाईडना ट्रॅक चेंजेस चालू करून फाइल द्या, म्हणजे त्यांनी केलेला प्रत्येक बदल लाल खुणेने दिसतो. आणि परत आल्यावर "नो मार्कअप" केलं म्हणजे त्या लाल खुणा गेल्या असं समजू नका, त्या फक्त लपतात. रिव्ह्यू टॅबमधून ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट करूनच संपवा, कमेंटही डिलीट करा, नाहीतर गाईडची कमेंट परीक्षकांच्या हातात पडते.

पायरी १०: प्रिंटच्या आधी

कंट्रोल ए, एफ९. "एरर" सर्च. मग पीडीएफ करा आणि सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये हेडिंग वरून बुकमार्क बनवायचा पर्याय घ्या, विद्यापीठ पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतन करायचा पीडीएफचा प्रकार) मागत असेल तर तोही तिथेच आहे. पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या टॅबवर बघा, प्रत्येक फॉन्टसमोर "एम्बेडेड", म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच साठवलेला, असं लिहिलेलं हवं, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर अक्षरं बदलतात. प्रिंटला देताना वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफच द्या, आणि "फिट टू पेज" बंद ठेवून "ॲक्च्युअल साइज" वर काढायला सांगा. फिट टू पेजने पान थोडं आक्रसतं आणि तुम्ही जपून ठेवलेला दीड इंचाचा मार्जिन बदलतो. आधी पाच-सहा पानांची प्रिंट काढून पट्टीने मोजा, मगच सगळं छापा.

मग अनुक्रमणिका हातात घेऊन प्रत्येक नोंदीचं पान उघडून बघा, सगळ्यांचं. पाऊण तास जातो. हे काम मैत्रिणीला किंवा मित्राला दिलं तर जास्त चांगलं, आपल्या डोळ्यांना आपल्याच चुका दिसायच्या बंद झालेल्या असतात.

व्हायवानंतर दुरुस्त्या आल्या तर तीन रकान्यांचं टेबल करा: परीक्षक काय म्हणाले, काय बदललं, कुठल्या पानावर. गाईडना तेच टेबल दाखवा, त्यांना अख्खा थिसिस परत वाचावा लागत नाही आणि सही लवकर मिळते. पान नंबर मात्र त्या टेबलमध्ये सगळ्यात शेवटी भरा, दुरुस्त्या टाकून, परत एकदा एफ९ दाबून, नवी पीडीएफ समोर ठेवून.